उसना गेलेला राऊटर

आमच्या दारातून कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही, हे वाक्य मी या घरात आल्यापासून इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की माझं डोकंच फिरतं. म्हणणारे माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडे सुनेनं सासऱ्याला असंच म्हणायची रीत आहे. लोह्याच्या रस्त्यावर फाट्याला उतरून आत जावं लागतं असं आमचं गाव, आणि गावात मामांचा हा लौकिक खरा आहे, खोटं कशाला बोलू. कुणाकडे लग्नकार्य निघालं की आमच्या सतरंज्या जातात, मोठी पातेली जातात, शिडी जाते, भरलेला गॅस सिलिंडर जातो. कुणाकडे पाहुणे उतरले तर आमच्या अंगाखालच्या गाद्या जातात आणि आम्ही चटईवर झोपतो. मागायला आलेला माणूस अजून 'हाय का वो' म्हणत असतो, तोवर इकडून 'घिऊन जा' झालेलं असतं.

फक्त मोटारसायकल कधी जात नाही. तिच्यात कायम पेट्रोल नसतं. पेट्रोल असलं तर किल्ली सापडत नाही. एकदा दुपारी गहू निवडता निवडता मी सहज विचार केला की आमच्या घरातून उसन्या जाणाऱ्या वस्तू कोणत्या? मिक्सर, कुकर, पातेली, गाद्या, इस्तरी. झाडून सगळ्या बायकांच्या हातातल्या. वापरणार आम्ही, नसल्या की अडणार आमचं, आणि त्या देऊन मोठे होणार मामा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. मी हे नवऱ्याला बोलून दाखवलं तर तो हसला आणि म्हणाला, तू फार खोलात जातेस.

नवरा अहमदपूरला एका शाळेत शिक्षक आहे. तिथं तो आणखी दोन मास्तरांबरोबर खोली घेऊन राहतो आणि शनिवारी घरी येतो. म्हणजे आठवडाभर घरात मी, मामा आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई.

मी नांदेडची. लग्नाआधी एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायच्या टेबलावर बसायचे. लग्नानंतर ते सुटलं, पण त्याच अनुभवावर मला घरबसल्या एक काम मिळालं. पुण्याकडची एक लॅब आहे, रक्त-लघवी तपासणारी. तिच्याकडे मराठवाड्यातून येणारे फोन माझ्या लॅपटॉपवर वाजायचे. लोक काय काय विचारतात! उपाशीपोटी यायचं म्हणजे पाणीबी नाही का, तंबाखू खाल्ली तर चालते का, रिपोर्ट आला का. एखादी म्हातारी हळूच म्हणते, "बाई, माझी शुगर किती आली तेवढं सांग की, पोरगं दडवून राहिलंय." मला हे काम मनापासून आवडायचं. त्यात एक गोष्ट अशी होती की कुणाला सांगितली तर हसतील. प्रत्येक फोनच्या सुरुवातीला मला माझं नाव सांगावं लागायचं. नमस्कार, मी अमुक बोलतेय. घरात मी सूनबाई, भावकीत वैनी, नवऱ्यासाठी 'अगं ऐकलंस का'. या गावात माझं नाव रेशनकार्डावर सोडून कुठं नव्हतं, आणि दिवसभर मी ते मोठ्यानं म्हणत होते. त्याचा पगार मिळत होता हे वेगळंच.

पहिले सहा महिने शिकाऊ म्हणून, मग कायम, असं ठरलं होतं. सहा महिने संपत आले की एके दिवशी आमच्या वरच्या मॅडम तिकडून माझे फोन ऐकणार आणि त्यावर काय ते ठरणार. या मॅडम माझ्यापेक्षा लहान होत्या, आवाजावरूनच कळायचं, पण कामात पक्क्या होत्या.

सगळं काम नेटवर, आणि नेटाची आमच्या गावात बोंब. सुरुवातीला मी माझ्याच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रेटलं. आईचा फोन आला की नेट तुटायचं आणि पलीकडची म्हातारी 'हॅलो, हॅलो' करत राहायची. वायरीचं नेट येणार, येणार म्हणून ग्रामपंचायतीत एक पेटी बसवलीय. तिला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणी सांगत नाही. एका खाजगी कंपनीवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "ताई, वायर फाट्यापर्यंत आलीय, तुमच्या गावातली पंचवीस-तीस घरं घेणार असतील तर बोला." शेवटी नांदेडला गेले तेव्हा दुकानातून सिमवर चालणारा राऊटर घेऊन आले. आत मोबाईलसारखं सिम घालायचं, पिन बोर्डात खोचायची, बस. माझ्या पगारातून, माझ्या नावावर, माझ्या कामासाठी.

तो पांढरा डबा हातात धरून आणि लांब वायरीचा बोर्ड मागं ओढत मी घरभर फिरले. माझ्या खोलीत एक कांडी. स्वयंपाकघरात तीही नाही. पूर्ण रेंज मिळाली ती फक्त ढाळजेच्या खिडकीत, कारण फाट्यावरचा टॉवर त्या अंगाला. घर स्लॅबचं झालं तरी दारातल्या मोकळ्या बैठकीला आमच्याकडे ढाळजच म्हणतात. तिथं मामांची बाज असते आणि गाव येऊन बसतं. तिथंच घात झाला. सुनेच्या खोलीतली वस्तू सुनेची असते. ढाळजेत ठेवली की ती घरची होते, आणि घरची झाली की ती मामांची.

आठ दिवसांत पासवर्ड सगळ्या आळीला पाठ झाला. मामा स्वतः सांगायचे, चहा सांगावा तसं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर माणसं मोबाईल घेऊन ओळीनं बसायची, एकमेकांशी न बोलता. मामा सकाळपासूनच बाजेवर आडवे होऊन कुस्त्या बघायचे. सिमला रोजचा ठरावीक डेटा असतो, तो संपला की नेट रांगायला लागतं, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. त्यावर त्यांचं म्हणणं काय, तर, "विहीर उपसली तरच पाणी वाढतं, सूनबाई." मी दुपारी ज्यादाचा रिचार्ज मारून काम पुरं करायचे आणि दात-ओठ खात गप्प बसायचे. मोठ्यांपुढं किती बोलायचं, म्हणून गप्प. आता वाटतं, तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं.

मॅडमनी माझे फोन ऐकायचा दिवस ठरवला. मी मामांना आदल्या सांजेला समोर उभं राहून सांगितलं, "मामा, उद्या माझ्या नोकरीचा निकाल आहे. उद्या दिवसभर नेट कुणी वापरू नका, एवढं करा."

"हाव, हाव," मामा म्हणाले. "उंद्या तसंबी आम्ही लग्नालाच चाललोत."

लग्न भावकीतलं. मामांच्या चुलत भावाच्या धाकट्या मुलाचं, लोह्याच्या मंगल कार्यालयात. मी कामामुळं येणार नाही हे आधीच सांगून झालं होतं आणि त्यावरून भावकीतल्या बायकांची टोमणेबाजीही झाली होती. मला उलट बरंच वाटलं. घर रिकामं, गलका नाही, ओट्यावर कुणी नाही. सकाळी आत्याबाई बायकांबरोबर जीपमधून गेल्या. मामा फेटा बांधून मोटारसायकलवर गेले. त्या दिवशी पेट्रोल होतं. मी भांडी उरकली, केस विंचरले, मॅडम नुसत्या ऐकणार होत्या तरी चांगली टिकली लावली, आणि नवाच्या आत खोलीत लॅपटॉप उघडून बसले.

नेट नाही.

लाईट गेली असेल म्हणून पंखा बघितला. पंखा फिरत होता. मग ढाळजेत आले. खिडकीत राऊटर नव्हता. तो जिथं असायचा तिथं धुळीत एक चौकोन तेवढा स्वच्छ दिसत होता, आणि पिन काढलेला बोर्ड खाली लोंबत होता. मला पहिल्यांदा वाटलं चोरी झाली. खरंच सांगते, चोरी झाली असती तर मला इतका राग आला नसता.

मी मामांना फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

"मामा, राऊटर कुठं आहे?"

"हितं हाय की, माझ्यापाशी. नवरदेवाचा भाऊ तिकडं दुबईला हाय ना, त्याला सुट्टी भेटली न्हाई. त्याला मोबाईलवर लग्न दाखवायचंय. म्हणून आणलाय म्या."

"अहो, काल मी तुम्हाला काय सांगितलं? मला आज काम आहे!"

"मंग कर की काम. तुला कोण न्हाई म्हणून राहिलंय?"

"नेटशिवाय कसं करू?"

"आता गं!" मामा खरोखरच चकित झाले होते. "नेट तं टॉवरमधून येतं. टॉवर काय म्या उचलून आणला का? त्यो तिथंच हाय. म्या निस्ता डब्बा आणलाय."

ज्या माणसानं इतके दिवस त्या डब्यावर कुस्त्या बघितल्या, त्याला तो डबा काय करतो हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची गरजही वाटली नव्हती. आणि तरीही तो कुणाला द्यायचा हे ठरवायचा हक्क त्याचाच. मी काहीतरी ओरडले. "लोकांत हाय मी, कामून वरडून राहिलीस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मोबाईलचा हॉटस्पॉट लावला. खोलीत एक कांडी, म्हणून लॅपटॉप घेऊन ढाळजेत आले. पहिलाच फोन परभणीकडच्या एका माणसाचा. 'नमस्कार' म्हणाले, नाव सांगायला तोंड उघडलं आणि तुटला. दुसरा तुटला. तिसऱ्यात माझा आवाज त्यांना येत होता, त्यांचा मला येत नव्हता. मॅडमचा मोबाईलवर फोन आला. मी काय सांगणार? माझ्या सासऱ्यांनी माझं ऑफिस पिशवीत घालून लग्नाला नेलंय? राऊटर बिघडला म्हणाले. त्या म्हणाल्या, "आज जमत नसेल तर उद्या सकाळी नऊला ऐकते. पण मग थांबता येणार नाही. मला नावं वर कळवायची आहेत."

नवऱ्याला फोन केला. त्याचा मोकळा तास होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "एक दिवस सुट्टी टाक ना मग. बाबांचा मान राहील. भावकीत बरं दिसत नाही." मी म्हटलं, "आणि माझं?" तो म्हणाला, "तुझं काय?" त्याला खरंच कळलं नव्हतं, म्हणून तर मला रडू आलं. त्याच्या शाळेतला फळा उचलून कुणी लग्नाला नेला असता तर त्यानं सुट्टी टाकली असती का? हे विचारायचं मला नंतर सुचलं, तोवर त्याच्या तासाची घंटा झाली होती.

लॅपटॉप आणि हेडफोन पिशवीत घातले, घराला कुलूप लावलं आणि अंगावरच्या रोजच्या साडीत, पायात स्लीपर घालून फाट्यापर्यंत चालत गेले. तिथून ऑटोनं लोहा. वाटेत ऑटोवाला दोनदा म्हणाला, "लग्नाला चाललात का?" माझा अवतार बघून तरी विचारू नये माणसानं.

कार्यालयात मुहूर्त टळून गेला होता आणि नवरदेव अजून पारावर वरातीत नाचत होता. आमच्याकडे साडेबाराचं लग्न दोनला लागलं तर वेळेवर लागलं म्हणतात. दारातच एकीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, दुसरीनं हातावर अत्तर चोळलं. "आलीस बाई, बरं केलंस, आधी जेवून घे," म्हणून तिसरी हात धरून ओढायला लागली. मी त्यातून वाट काढत स्टेजपाशी गेले. स्टेजवर व्हिडिओवाला होता. त्याचा मोबाईल तीन पायांच्या स्टँडवर लावलेला, शेजारी खुर्चीवर एक काळा, छोटासा डबा, त्याचे दिवे लुकलुकत होते.

मी विचारलं, "हे नेट कुणाचं?"

"माझंच, ताई," तो म्हणाला. "आमचं पॅकेजमध्येच असतंय. आजकाल सगळीच लग्नं लाईव्ह असतात."

"मग आमचा राऊटर?"

"एका बाबांनी एक दाखवला होता सकाळी. म्या म्हटलं लागत न्हाई, ठिवा तुमच्यापाशीच."

मी स्टेजच्या मागच्या खोलीत गेले. तिथं आहेराचे ढीग होते आणि त्यांची राखण करत आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी नवरदेवाची आई, माझी चुलत सासू, पदरानं वारा घेत होती. मी राऊटरचं विचारलं तर आत्याबाईंनी टोपी-टॉवेलांच्या गठ्ठ्याखालून एक कापडी पिशवी ओढून काढली. माझा राऊटर त्यात होता. पिनेच्या वायरीला रबर गुंडाळलेलं, जसाच्या तसा. त्याला कुणी बोर्डात खोचलंसुद्धा नव्हतं.

"मला तं वाटलं टिफिनच हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"काकू, तुम्ही मामांना हा मागितला होता का?" मी चुलत सासूला विचारलं.

"आम्ही कामून मागू बाई? व्हिडिओवाल्याला पैशे दिलेत की. काल रातच्याला भाऊजीच म्हणले, आमच्या घरी पडूनच असतो, घिऊन येतो, लागंल न लागंल. आता आणतो म्हणल्यावर नगं कसं म्हणायचं?" आणि तिनं समोरच्या टोपल्यातले दोन लाडू उचलून राऊटरच्या पिशवीत टाकले. उसनी आणलेली वस्तू परत देताना रिकामी देऊ नये, म्हणून.

पडूनच असतो. मी ज्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलते, तो डबा पडून असतो. कुणी मागितला नव्हता, कुणाला लागत नव्हता, लागलाही नव्हता. माझी नोकरी आहेराच्या टोप्यांखाली दाबून पडली होती, कारण एका माणसाला चार लोकांत म्हणायचं होतं की आमच्याकडचं आणलंय. मी त्या दिवशी दुपारी जितकी चिडले तितकी आयुष्यात चिडले नव्हते.

तेवढ्यात मामा आत आले. व्हिडिओवाल्यानं सांगितलं असणार. बरोबर भावकीतले दोघं-तिघं फेटेवाले होते. माझ्या हातात पिशवी बघून मामा म्हणाले, "असू दे, असू दे ती तिथं. आज त्याचं चाललं, पण उंद्या त्यो व्हिडिओवाला न्हाई. उंद्या घरी सत्यनारायण हाय, दुबईवाल्याला पूजा दाखवायची. तवा आपलंच लागंल. म्या शब्द दिलाय."

"उद्या नऊला माझी शेवटची वेळ आहे, मामा."

"सत्यनारायण हाय, सूनबाई. देवाचं काम हाय."

"मग शब्द तुमचा द्या ना," मी म्हणाले. "तुम्ही शब्द तुमचा देता आणि वस्तू माझी. आजवर तुम्ही दुसऱ्याला दिलेलं तुमचं स्वतःचं एक तरी आहे का? तुमची मोटारसायकल द्या की एकदा कुणाला."

बाहेर बँड थांबला होता, त्यामुळं हे नको तितकं मोठ्यानं ऐकू गेलं. फेटेवाल्यांपैकी एकजण फस्सकन हसला आणि मग त्यालाच कसंसं झालं. मामांचा चेहरा उतरला. ते मला रागावले नाहीत. त्यांनी आत्याबाईंकडं बघितलं, जणू मी आत्याबाईंची चूक होते. आत्याबाई मला म्हणाल्या, "लोकांपुढं बोलू नये बाई. जा, जेवून घे." मामांनी पिशवीसाठी हात पुढं केला. मी पिशवी काखेत धरली आणि त्यांच्यासमोरून निघाले. पाठीमागं मंगलाष्टका सुरू झाल्या. दाराशी कुणीतरी माझ्या मुठीत अक्षता कोंबल्या. त्या तिथंच टाकाव्या तर अपशकुन, म्हणून मी त्या तशाच घेऊन स्टँडवर आले.

गावी परत जायचं म्हणून निघाले होते. पण स्टँडवर उभी राहिल्यावर ध्यानात आलं की गावी गेले तर काय होणार. रात्री मामा येणार, भावकी येणार, ढाळजेत बैठक बसणार. देवाचं काम, घराचं नाक, सगळं माझ्यासमोर मांडलं जाणार. सकाळी उठेन तेव्हा खिडकी पुन्हा रिकामी. राऊटर चालतो तिथं मी चालते, एवढं साधं होतं ते. त्याला नेटाची वायर नव्हती म्हणून मामा त्याला उचलून नेऊ शकले. मलाही कुणी वायरीनं बांधलं नव्हतं. नांदेडची एसटी लागली होती. मी चढले.

आईनं दार उघडलं. माझ्याकडं, माझ्या स्लीपरकडं, कुंकवानं भरलेल्या कपाळाकडं बघून तिनं पहिला प्रश्न काय विचारावा? "सासऱ्यांना विचारून आलीस ना?" मी तिच्यावरही ओरडले. मग तिनं चहा टाकला आणि पिशवीतले लाडू ताटलीत काढले. ते मी खाल्ले नाहीत. राऊटर स्वयंपाकघराच्या खिडकीत पूर्ण रेंज पकडत होता. रात्री नवऱ्याचा फोन आला. मामांची माफी माग, विषय संपव, म्हणाला. मी म्हटलं, उद्या नऊनंतर बोलू.

सकाळी नऊला मी आईच्या पोळपाटाशेजारी बसून फोन घेतले. आवाज घोगरा होता, पण कुठं अडखळले नाही. मॅडम दुपारपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "छान. कायमचं पत्र येईल." मी 'थँक्यू मॅडम' म्हणाले, हेडफोन काढला आणि कणकेच्या परातीवर डोकं टेकून बराच वेळ रडले. आनंद होता का? थोडा होता. जास्त संताप होता. एवढीशी गोष्ट मिळवायला मला घर सोडून पळून यावं लागलं होतं, चोरासारखं, माझीच वस्तू घेऊन.

दोन-चार दिवस कुणाचाच फोन नव्हता. शनिवारी नवरा अहमदपूरहून थेट गावी गेला, नांदेडला आला नाही. मीही गेले नाही. आत बाहेर करत होते, काम करत होते, आणि खोटं कशाला बोलू, वाट बघत होते. कुणीतरी म्हणावं की झालं ते झालं, ये आता. एवढं म्हटलं असतं तर मी कदाचित संध्याकाळच्या एसटीनं निघाले असते.

सोमवारी सकाळी मामांचा फोन आला. मी हातातलं लाटणं टाकून धावले.

"सूनबाई," मामा म्हणाले. आवाज मऊ होता. राग कुठंच नव्हता.

"हां मामा."

"बरी हायस ना?"

"बरी आहे."

"लई सुनं सुनं वाटून राहिलंय बघ घरात. संध्याकाळी ओट्यावर कुणी येत न्हाई."

मी तोंडावर पदर धरला. 'येते मामा' हे शब्द माझ्या जिभेवर होते.

"म्हणून म्हणलं," मामा पुढं म्हणाले, "आपल्या गावच्या शाळेचा मास्तर येतो रोज नांदेडहून. त्याच्या हाती त्यो डब्बा लावून दे. तुझं तू ये सवडीनं, घाई न्हाई."